चवथीची माटोळी, आजीचा चेहरा आणि फोनमधलं रॉ

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "काका, यंदा चवथीला घरच्या माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या आराशीचे) आणि आजीचे फोटो फोनच्या प्रो मोडमध्ये रॉ चालू करून काढले. रॉ म्हणजे सर्वांत चांगलं असं ऐकलं होतं. पण माझे फोटो मळकट, काळपट आणि दाणेदार दिसतात. भावाने त्याच फोनवर साध्या मोडमध्ये काढलेले मात्र लखलखीत आहेत. माझं काय चुकलं? रॉ बंद करू का? आजीचा एक फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा आहे."

काका म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहितो.

तुझं फारसं काही चुकलेलं नाही. भावाकडे रांधलेलं जेवण आहे आणि तुझ्याकडे शिधा. शिधा चाखून स्वयंपाक बिघडला असं म्हणता येत नाही. पण एवढ्यावर उत्तर संपत नाही, कारण दाणे दिसण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते सहसा कोणी सांगत नाही.

आधी आत काय घडतं ते बघ. फोनच्या सेन्सरला रंग कळत नाही, उजेड किती पडला तेवढंच कळतं. म्हणून त्याच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकेका रंगाची गाळणी बसवलेली असते. निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल, पाव निळे. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांना या मांडणीचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं आणि आजही बहुतेक फोन त्याच मांडणीवर चालतात. प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशोबाने काढावे लागतात. त्यानंतर फोन व्हाइट बॅलन्स ठरवतो (पांढरं पांढरं दिसेल असे रंग तोलतो), सावल्या उजळतो, दाणे पुसतो, कडा धारदार करतो, रंग चढवतो आणि सगळं जेपीईजीमध्ये बांधून ठेवतो. जेपीईजीत प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. सेन्सरने मोजलेल्या असतात १० बिटच्या हिशोबाने १०२४, काही फोनमध्ये १२ बिटच्या ४०९६. बांधताना जे गळलं ते परत मिळत नाही.

रॉ म्हणजे हे सगळे सोपस्कार होण्याआधीचे आकडे. फोनवर ते डीएनजी नावाच्या फाइलमध्ये येतात. हा साचा अ‍ॅडोबीने २००४ मध्ये आणला. अँड्रॉइडने २०१४ साली पाचव्या आवृत्तीत आणि अ‍ॅपलने २०१६ साली आयओएस १० मध्ये त्याची वाट मोकळी केली. तुझ्या फाइलमध्ये रंग चढवलेले नाहीत, कडा घासलेल्या नाहीत, म्हणून ती मळकट दिसते. तो तिचा दोष नाही.

आता दाण्यांचं कारण. भावाने एकदा बटण दाबलं, पण फोनने एकच फोटो काढला नाही. त्याने पाठोपाठ अनेक फ्रेम घेतल्या, एकमेकांवर बसवल्या आणि त्यांची सरासरी काढली. दाणे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी पडतात, म्हणून सरासरीत ते विरून जातात. नऊ फ्रेम जुळवल्या तर दाणे साधारण एक तृतीयांशावर येतात. प्रो मोडमधलं रॉ मात्र बहुतेक फोनमध्ये एकाच फ्रेमचं असतं, आणि फोनचा सेन्सर नखाएवढा. म्हणजे तू एका फ्रेमची तुलना अनेक फ्रेमच्या बेरजेशी करते आहेस. काही फोनमध्ये जुळवलेल्या फ्रेमचंच रॉ मिळतं: गुगलने पिक्सेल ३ मध्ये, २०१८ साली, ते दिलं, अ‍ॅपलचं प्रोरॉ डिसेंबर २०२० मध्ये आयफोन १२ प्रोवर आलं, सॅमसंगच्या वरच्या फोनसाठी एक्स्पर्ट रॉ नावाचं वेगळं अ‍ॅप आहे. यातलं काही तुझ्या फोनवर असेल तर प्रो मोड सोडून तेच वापर. निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

नसेल, तर रॉ कुठे वापरायचं आणि कुठे नाही हे ठरवायला हवं. माझा नियम असा: जिथे फोन माझ्यासाठी चुकीचा निर्णय घेतो तिथे रॉ, बाकी सगळीकडे साधा मोड. सगळंच रॉमध्ये काढणं हा मला हट्ट वाटतो. एका वर्षी मी शिगम्याची रात्रीची मिरवणूक पूर्ण रॉमध्ये काढली होती. रोमटामेळातले नाचणारे, वर पताका, मध्येच येणारा ट्रकचा झोत. घरी येऊन पाहिलं तर एका फ्रेममध्ये पकडलेला अंधार आणि हलणारी माणसं यातून एकही चेहरा नीट निघाला नाही. फोनच्या साध्या मोडने ते काम माझ्यापेक्षा चांगलं केलं असतं. रात्रीची जत्रा, दिंडी, धावणारी मुलं यांच्यासाठी रॉच्या फंदात पडू नकोस.

पण माटोळी वेगळी. ती हलत नाही, आणि तिचे रंग फोनला झेपत नाहीत.

पिवळ्या बल्बखाली टांगलेली कवंडळं, ती केशरी रानफळं, आठव. डोळ्याला त्यांची गोलाई दिसते, एका बाजूला केशरी, दुसरीकडे लालसर सावली. भावाच्या फोटोत ती झूम करून बघ. बहुतेक सपाट नारिंगी टिकल्या दिसतील. फोनने रंग चढवताना लालचा आकडा २५५ ला नेऊन टेकवला आणि वर जागाच उरली नाही, म्हणून गोलाई गेली. तुझ्या मळकट रॉमध्ये ती बहुधा शाबूत आहे. देवाचा शेंदूर, लाल पैठणी, झेंडूची माळ या सगळ्यांचं असंच होतं. एक्स्पोजरचा (किती उजेड घेतला त्याचा) आलेख ठीक दिसतो, तरी एकटा लाल रंग जळून गेलेला असतो.

दाण्यांचा उगमही त्याच बल्बमध्ये आहे. पिवळ्या उजेडात निळा अंश फार कमी असतो. पांढरं पांढरं दिसावं म्हणून व्हाइट बॅलन्स निळ्याचे आकडे दुप्पट-तिप्पट करतो आणि त्यांच्यासोबत दाणेही फुगतात. म्हणून दाणे सगळीकडे सारखे नसतात. मागच्या काळोख्या पानांत, सुपारीच्या शिपट्याच्या सावलीत, माट्टीच्या फळांच्या फटीत जास्त असतात. जिथे उजेड पडला तिथे फाइल स्वच्छ असते.

यावर एकच इलाज आहे: काढतानाच उजेड जास्त घ्यायचा. "रॉ आहे, मागाहून उजळता येईल" म्हणून लोक फोटो काळोखा काढतात, आणि तू काळपट म्हणतेस त्यावरून तुझंही तेच झालं असावं. याचा हिशोब सोपा आहे. सेन्सरच्या १०२४ पायऱ्यांपैकी वरच्या निम्म्या, म्हणजे ५१२, सर्वांत उजळ भागाला मिळतात. उजेड निम्मा झाला की २५६, आणखी निम्मा झाला की १२८. असं सहाव्या टप्प्यावर जाईपर्यंत १६ उरतात. काळोख्या पानांच्या वाट्याला तेवढ्याच १६ पायऱ्या आल्या तर त्या ओढून उजळल्यावर चिखलच हाती येणार. म्हणून महत्त्वाचं काही जळणार नाही इथपर्यंत फोटो उजळ काढायचा आणि एडिटिंगमध्ये खाली आणायचा.

पण "जळणार नाही इथपर्यंत" म्हणजे कुठपर्यंत? हे प्रत्येक फोनचं वेगळं असतं, आणि पडद्यावरचा आलेख बहुतेक वेळा जेपीईजीचा असतो, रॉचा नसतो. म्हणून एकदा चाचणी करून ठेव. उन्हात दोरीवर पांढरं धोतर वाळत घाल. फोन एका जागी टेकव. एक्स्पोजर उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत थोडं थोडं वाढवत प्रत्येक वेळी रॉ काढ. मग एडिटिंग अ‍ॅपमध्ये प्रत्येक फाइलचे हायलाइट्स (उजळ भाग) पूर्ण खाली ओढ. ज्या फ्रेममध्ये कापडाची वीण परत दिसत नाही, नुसता राखाडी डाग येतो, तिथे तुझ्या फोनची हद्द संपली. त्याच्या एक पायरी आधीचं माप लक्षात ठेव. अर्धा तास लागतो. पण मंगेशीच्या दीपस्तंभापुढे सकाळच्या उन्हात उभी राहशील तेव्हा पांढऱ्या चुन्याला किती उजेड द्यायचा हे तुला ठाऊक असेल.

माटोळी काढताना आणखी काही गोष्टी कर. पंखा बंद कर. फळं किंचित हलतात आणि ते डोळ्याला कळतही नाही. फोन खांबाला किंवा स्टुलावर टेकव, दोन सेकंदांचा टायमर लाव, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ५० ते १०० ठेव आणि शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) १/२५ सेकंदापर्यंत सावकाश होऊ दे. फोनच्या लेन्सचं छिद्र बहुतेक ठरलेलं असतं, त्यामुळे शटर आणि आयएसओ एवढीच दोन हत्यारं हातात आहेत. ट्यूब आणि बल्ब दोन्ही पेटलेले असतील तर घरच्यांना सांगून एक मालव. निळसर आणि पिवळा असे दोन उजेड एकाच फोटोत असले तर व्हाइट बॅलन्सच्या एका पट्टीने दोन्ही सुधारत नाहीत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून दिव्यांच्या उजेडात शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की फोटोवर आडव्या पट्ट्या येत नाहीत. माटोळी सावकाश काढताना १/२५ सुद्धा चालतं. मखराला लावलेल्या निळ्या-जांभळ्या एलईडी माळांपासून मात्र सावध राहा. त्यांचा उजेड इतका एकरंगी असतो की निळा रंग रॉमध्येही जळतो आणि मग काहीच करता येत नाही.

कॅमेरा मुख्यच वापर. वाइड आणि टेलिच्या मागे बहुतेक वेळा सेन्सर आणखी लहान असतो. पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी रॉमध्ये येत नाही, ती फोनने मागाहून रंगवलेली असते.

आता आजी. रॉ वापरायला मला एवढं एकच कारण पुरलं असतं.

बऱ्याच फोनमध्ये ब्यूटी शून्यावर ठेवली तरी चेहरा दिसला की फोन त्यावर हात फिरवतोच. कातडी गुळगुळीत करतो, एक छटा उजळवतो, डोळ्यांखालच्या सावल्या भरतो. उन्हापावसात शेतात, कुळागरात (सुपारीच्या बागेत) आयुष्य गेलेल्या बाईचा रापलेला सावळा रंग त्यात धुऊन निघतो. सत्तर वर्षांच्या सुरकुत्या फोनला दाण्यांसारख्या वाटतात आणि तो त्या पुसतो. माझ्याकडे लोक गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करायला घेऊन येतात आणि म्हणतात, "ही आईसारखी दिसत नाही." खरंच दिसत नाही, आणि जेपीईजीत पुसलेलं मला परत आणता येत नाही. रॉमध्ये तो हात फिरलेला नसतो. आजीच्या कपाळावरची रेघ न् रेघ तिथे आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि तू आजच ते करते आहेस याचा आनंद वाटतो.

आजीचा फोटो चवथीच्या गर्दीत ट्यूबखाली काढण्यापेक्षा पुन्हा एकदा काढ. घराला राजांगण, म्हणजे मधलं उघडं अंगण, असेल तर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तिला त्याच्या कडेला, सावलीत बसव. वरून येणारा उजेड मऊ असतो आणि खालची जमीन तो हलकेच परत चेहऱ्यावर टाकते. राजांगण नसेल तर उत्तरेकडची खिडकी किंवा उघडं दार. शटर १/१०० किंवा त्याहून जलद, आयएसओ २०० च्या आत. फोन चेहऱ्याजवळ नेऊ नकोस, नाक मोठं दिसतं. दीड-दोन मीटर दूर राहा आणि मागाहून काप. फोनमध्ये रॉ आणि जेपीईजी दोन्ही ठेवण्याची सोय असेल तर चालू ठेव, म्हणजे नंतर शेजारी ठेवून फरक कळेल.

पावसाळ्यात वापरणार असशील तर एवढं सांगतो. आषाढ-श्रावणातल्या भाताच्या शेतात हिरव्याच्या दहा छटा असतात, फोन त्या सगळ्यांचा एकच पोपटी करतो. भिजलेला चिरा (जांभा दगड) गडद तांबूस असतो, फोन त्याला केशरी करतो. तांबडी सुर्लाच्या कदंबकालीन देवळाचा दगड काळा आहे. फोन सावल्या उपसून तो करडा करून टाकतो आणि आतला काळोखच नाहीसा होतो. अशा ठिकाणी रॉ घे आणि काळोखाला काळोख राहू दे. पांढऱ्या आभाळावर माडाच्या झावळ्या काढल्या की कडांना जांभळी रेघ येते. जेपीईजीत फोन ती पुसतो, रॉमध्ये ती तुला एका बटणाने काढावी लागते. आणि लेन्स पूस. गाडीच्या एसीतून बाहेर आलं की काचेवर वाफ धरते, किनाऱ्यावर खारं साचतं. मऊ सुती कपडा खिशात ठेव. काचेवरचा ओशटपणा रॉने जात नाही.

एडिटिंगला बसण्याआधी फोनचा पडदा नीट कर. बरेच फोन पडद्याचे रंग भडक मोडवर ठेवून येतात. सेटिंगमध्ये जाऊन नैसर्गिक किंवा नॅचरल मोड निवड, डोळ्यांसाठीचा पिवळा फिल्टर बंद कर, उजेडानुसार आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद करून तो निम्म्याच्या आसपास ठेव आणि उन्हात बसू नकोस. पडदाच खोटं बोलत असेल तर त्यावर ठरवलेला रंग कागदावर चुकणारच.

अ‍ॅप कोणतंही घे. स्नॅपसीड डीएनजी उघडतं. लाइटरूममध्ये हत्यारं जास्त आहेत, पण काही पैसे भरल्यावरच मिळतात. संगणक असेल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही मोफत आहेत आणि पोटभर पुरतात.

क्रम मात्र सोडू नकोस. पहिल्यांदा व्हाइट बॅलन्स. फोटोत पांढरं किंवा राखाडी काय आहे ते शोध: आजीचं लुगडं, भिंतीचा चुना, स्टीलचं तबक. त्याला नैसर्गिक कर, पण समईच्या फोटोत पिवळेपणा पूर्ण काढू नकोस; समईचा उजेड पांढरा झाला तर तो समईचा राहत नाही. मग एक्स्पोजर. मग हायलाइट्स थोडे खाली, शॅडोज (काळोखे भाग) थोडे वर. इथे हात आखडता घे. दोन्ही पट्ट्या टोकाला नेल्या की फोनच्या साध्या मोडचाच चपटा फोटो तयार होतो, मग रॉची मेहनत कशाला केली? फोटोत कुठेतरी खरं काळं असायलाच हवं. त्यानंतर कॉन्ट्रास्ट किंवा कर्व्ह, आणि मळकटपणा इथे जातो. रंग शेवटी. सॅच्युरेशनची सरसकट पट्टी न ओढता एकेका रंगाला हात घाल: माटोळीत नारिंगीचा उजळपणा किंचित खाली आण म्हणजे कवंडळांची गोलाई वर येईल, आणि हिरव्यातला पिवळेपणा कमी कर.

दाणे दोन प्रकारचे असतात हे ओळखायला शीक. एक रंगीत, हिरवे-जांभळे ठिपके. ते निर्धास्त पुसून टाक, त्यांनी काहीच जात नाही. दुसरे नुसते उजळ-काळे, वाळूसारखे. त्यांतले थोडे राहू दे. तेही पूर्ण पुसलेस तर आजीच्या सुरकुत्या त्यांच्यासोबत जातील आणि आपण पुन्हा भावाच्या फोटोवर येऊन थांबू. फोटो शंभर टक्के मोठा करून दाणे मोजत बसू नकोस. भिंतीवरचा फोटो कोणी नाक लावून बघत नाही. शार्पनिंग सर्वांत शेवटी आणि हलकं, फक्त डोळे आणि केसांपुरतं लावता आलं तर उत्तम.

फाइलींचं काय करायचं तेही सांगतो. बारा मेगापिक्सेलची साधी डीएनजी सुमारे २४ एमबीची होते, म्हणजे दोनशे फोटोंना पाच जीबीच्या जवळ जागा जाते. नको असलेल्या त्याच रात्री काढून टाक, उरलेल्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेव. एडिटिंगने मूळ डीएनजी बदलत नाही, पण तू केलेले बदल अनेकदा त्या अ‍ॅपच्याच पोटात असतात. अ‍ॅप काढण्याआधी जेपीईजी बाहेर काढून घे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर फोटो दाबून लहान केला जातो.

चवथीच्या ज्या फाइली आहेत त्या फेकू नकोस. त्यातली सर्वांत उजळ आलेली निवड, वरच्या क्रमाने एकदा कर आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पुन्हा बघ. भिंतीसाठी आजीचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असेल तर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १३ बाय १० इंचांपर्यंत खणखणीत छापून येतो. कलर स्पेस एसआरजीबी ठेव, आपल्याकडच्या बहुतेक लॅब तीच धरून चालतात. लॅबवाल्याला आधी सांगून ठेव की त्याच्याकडून रंग सुधारणा नको, नाहीतर यंत्र आजीला पुन्हा उजळवेल. मोठा छापायच्या आधी चार बाय सहाचा एक प्रिंट काढून घे. कागद पडद्यासारखा स्वतःहून उजळत नाही, म्हणून तो थोडा काळोखा वाटतोच. तो दिवसा दारात नेऊन बघ, आजीच्या शेजारी धरून बघ, आणि गरज वाटली तर एक्स्पोजर पाव पायरी वाढवून मग मोठा छापायला दे.